थेट प्रक्षेपण आणि जवळच्या साठ्याचे अर्थशास्त्र

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून जंबू सवारी निघते. राजवाड्यापासून काही किलोमीटरवर, हुणसूर रस्त्यावरील हिनकल येथे एक कुटुंब ती मोबाईलवर पाहत आहे, असे समजू. प्रक्षेपणाचा मूळ सर्व्हर मुंबईत असल्यास शेजारचे हे दृश्य आधी मुंबईला जाईल आणि तेथून हिनकलला परत येईल. एका प्रेक्षकापुरता हा फेरा परवडतो. प्रेक्षक दहा हजार झाले की प्रश्न वाहतूक खर्चाचा होतो.

प्रत्येक प्रेक्षकास सेकंदाला २ मेगाबिट लागतात, असे धरू. मूळ सर्व्हरवर २०,००० मेगाबिटांचा भार येईल. मात्र निरनिराळ्या शहरांत २० साठवण केंद्रे असतील, तर मूळ सर्व्हरने प्रत्येक केंद्रास एकच प्रत द्यायची. त्याचा भार ४० मेगाबिटांवर येतो. उरलेले वितरण केंद्रे आपापल्या परिसरात करतात. यालाच आशय वितरण जाळे अथवा ‘कन्टेन्ट डिलिव्हरी नेटवर्क’ म्हणतात. केंद्रे उभारण्याचा स्थिर खर्च मोठा असतो; परंतु प्रेक्षकामागे येणारा सीमांत खर्च घटतो. अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेली अकामाई ही या क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक होय.

जे घडत आहे, ते साठवायचे कसे?

थेट चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. त्यांची अनुक्रमणिका सतत बदलते. तयार झालेला तुकडा मात्र बदलत नाही. म्हणून तुकडे केंद्रात अधिक काळ ठेवता येतात, तर अनुक्रमणिकेची मुदत एक-दोन सेकंदांचीच ठेवावी लागते. ही मुदत वाढल्यास नवे तुकडे प्रेक्षकाला सापडत नाहीत आणि चित्र थबकते. एकाच नव्या तुकड्यासाठी पाचशे मागण्या एकदम आल्यास केंद्राने मूळ सर्व्हरकडे एकच मागणी पाठवावी व उर्वरित थोपवून धराव्यात, हेही आवश्यक असते. या व्यवस्थेची किंमत म्हणजे विलंब : प्रेक्षक प्रत्यक्ष घटनेच्या काही सेकंद मागे असतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. एवढा भार कोणताही एकटा सर्व्हर पेलू शकत नाही.

धोरणात्मक बाजू

देशांतर्गत माहितीची वाहतूक परदेशातून वळसा घेऊ नये, या हेतूने २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. जवळीक साधण्याचे तत्त्व तेथेही तेच आहे. २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जाल-समानतेविषयी शिफारशी करताना आशय वितरण जाळ्यांना भेदभावविरोधी निर्बंधांच्या कक्षेबाहेर ठेवले. जाळे इतरांची वाहतूक अडवीत नाही, ते केवळ साठा जवळ आणते, हा युक्तिवाद योग्यच आहे. तथापि जवळीक विकत घ्यावी लागते. मोठी वाहिनी ती सहज घेते. गावातील नाट्यमंडळाला किंवा शिकवणी वर्गाला ती भाड्याने घ्यावी लागते.

२०२२ मध्ये विदा केंद्रांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. त्यातून होणारी गुंतवणूक मुंबई आणि चेन्नई यांसारख्या सागरी केबलच्या शहरांतच एकवटली, तर हिनकलचा फेरा कायम राहील. साठवण केंद्रे मध्यम शहरांपर्यंत पोहोचणे हा म्हणूनच प्रादेशिक समतोलाचाही प्रश्न आहे. धान्य पिकते किती, याइतकेच गोदाम कोठे आहे, यालाही महत्त्व असते.