ब्राऊनबाईंचा विसरभोळा खिसा

ग्रंथालयातलं जुनं पुस्तक हातात आलं की मी ते शेवटाकडून उघडतो. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला बदामी कागदाचा खिसा, शेजारी डकवलेली तारीखपट्टी आणि तिच्यावरचे जांभळ्या शाईचे वाकडेतिकडे शिक्के. एखाद्या पट्टीवर १९७४ नंतर थेट १९९१ चा शिक्का असतो. मधली सतरा वर्षं ते पुस्तक कोणी घरी नेलं नाही, एवढं त्यावरून समजतं. १९७४ साली नेलं ते कोणी, हे मात्र समजत नाही. कॉलेजात असल्यापासून मला ह्या न समजण्याचंच जास्त कुतूहल वाटत आलंय.

चाळिशी ओलांडलेल्यांना तिकीट देऊन पुस्तक घेणं नव्याने सांगायला नको. पण काउंटरच्या पलीकडे देवघेव विभागात काय चालायचं, ते बहुतेकांनी नीट पाहिलेलं नसतं. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड त्याच्या खिशात असे. त्यावर बोधांक (कपाटातली पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक), दाखल क्रमांक, लेखक आणि पुस्तकाचं नाव. वाचकाचं तिकीट म्हणजे त्याचं नाव लिहिलेलं छोटंसं पाकीट. पुस्तक इश्यू करताना कारकून खिशातलं कार्ड काढून ह्या पाकिटात खुपसायचा, तारीखपट्टीवर शिक्का मारायचा आणि ती जोडी लाकडी ट्रेमध्ये त्या तारखेच्या मागे बोधांकाप्रमाणे लावून ठेवायचा. पुस्तक परत आलं की शिक्क्यावरून ट्रेमधली तारीख आणि बोधांकावरून जोडी शोधायची. कार्ड पुस्तकाच्या खिशात, तिकीट वाचकाच्या हातात. व्यवहार संपला. सगळ्या खटाटोपात वाचकाचं आणि पुस्तकाचं नाव एकत्र असं कुठेही लिहिलं जात नाही. दोघांची गाठ असते ती पुस्तक बाहेर असेपर्यंतच. ती सुटली की माग काढायला काही उरत नाही.

आपल्याकडे अविश्वास हा स्थायीभाव असल्यामुळे पुष्कळ कॉलेजांनी ह्या पद्धतीच्या जोडीला रजिस्टर ठेवून त्यात सही घ्यायला सुरुवात केली, तो भाग वेगळा.

हीच ती ब्राऊन पद्धत. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षांत ‘ब्राऊन पद्धतीचे गुण-दोष लिहा’ हा हमखास येणारा प्रश्न. दोष सगळ्यांना पाठ असतात: एका वाचकाकडे कोणती पुस्तकं आहेत हे पाहायचं तर सगळे ट्रे चाळावे लागतात, आणि परतीच्या वेळी रांग लागते. ब्राऊन कोण, हे कोणी विचारत नाही. बरेच जण कुणीतरी साहेब असावा असं धरून चालतात. ती होती नीना एलायझा ब्राऊन, जन्म १८६०, मॅसॅच्युसेट्सची. स्मिथ कॉलेजमधून पदवी घेतली, मग मेल्विल ड्यूईच्या ग्रंथालयशाळेत शिकली आणि बॉस्टनच्या ‘लायब्ररी ब्युरो’त नोकरीला लागली. तिथेच १८९५ च्या सुमारास तिने ही पद्धत बसवली. पुढे कादंबरीकार हॉथॉर्नची ग्रंथसूची केली, उतारवयात आपल्याच कॉलेजचं अभिलेखागार सांभाळलं आणि १९५४ साली वारली. इंग्लंडने तिची पद्धत डोक्यावर घेतली, इंग्लंडमार्गे ती आपल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत रुजली. खुद्द अमेरिकेत मात्र चालली न्यूआर्क पद्धत; तिच्याविषयी पुढे.

पण नीनाबाईंसारख्या मुली काउंटरच्या आतल्या बाजूला पोचल्या त्या एका भांडणामुळे, आणि ते भांडण विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं आहे.

१८८३ साली ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आला. दशांश वर्गीकरणामुळे त्याचं नाव झालेलंच होतं. त्याने ग्रंथालय सकाळी ८ ते रात्री १० उघडं ठेवायला सुरुवात केली आणि वेलस्ली कॉलेजात शिकलेल्या सहा मुलींना कामावर घेतलं. त्याआधी तिथे बाई नोकरीला नव्हती. मग त्याने ग्रंथपालांसाठी शाळा काढायचं ठरवलं. कॉलेजचे अध्यक्ष बर्नार्ड त्याच्या बाजूचे होते. पण मुलींना वर्गात बसू दिलं जाणार म्हटल्यावर विश्वस्तांनी वर्गखोल्या द्यायला साफ नकार दिला. ड्यूईने रस्त्यापलीकडच्या प्रार्थनाघरावरची एक अडगळीची खोली झाडून घेतली, टाकून दिलेल्या खुर्च्या-टेबलं जमवली आणि ५ जानेवारी १८८७ रोजी तिथे शाळा सुरू केली. विद्यार्थी २०, त्यांतल्या मुली १७. विश्वस्तांनी राग धरून ठेवला. १८८८ च्या नोव्हेंबरात त्याला निलंबित केलं, तेव्हा राजीनामा देऊन त्याने शाळा उचलून ऑल्बनीला नेली.

इथवर ड्यूई नायक वाटतो. पण ह्याच शाळेच्या प्रवेशअर्जात तो मुलींची उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग विचारायचा, वर फोटोही मागायचा. बायकांशी त्याच्या वागण्याबद्दल पुढे उघड तक्रारी झाल्या. त्याने चालवलेल्या क्लबात ज्यूंना मज्जाव होता. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने अखेर २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. माझ्या मते ते फार उशिरा काढलं.

ह्या शाळेचे धागे आपल्यापर्यंत आले ते बडोद्यावरून. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. तो ड्यूईच्याच वर्तुळातला. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग निघाला आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतलं नियतकालिक. ग्रंथालयाच्या कारभारावर मराठीत लिहायची सोय शंभरावर वर्षांपूर्वी झाली होती, ह्याचा आपल्याला अभिमान सोडा, पत्ताही नसतो. ड्यूईचा दुसरा शिष्य डिकिन्सन १९१५ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात आला आणि त्याने विद्यापीठाच्या पातळीवर हे शिक्षण सुरू केलं.

आता पुन्हा त्या खिशाकडे. न्यूआर्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहितात. पुस्तक परत आलं तरी तो क्रमांक कार्डावर तसाच. कार्ड भरेपर्यंत एकाखाली एक वाचक जमत जातात. हिशेबाला ही पद्धत उत्तमच. १९७० साली अमेरिकन सरकारचे करवसुली अधिकारी मिलवॉकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात येऊन स्फोटकांवरची पुस्तकं कोणी नेली, ते विचारू लागले. ब्राऊनबाईंच्या ट्रेपुढे ते उभे राहिले असते तर त्यांना फक्त त्या दिवशी बाहेर असलेल्या पुस्तकांचे वाचक सापडले असते.

१९८७ च्या जूनमध्ये हीच पाळी कोलंबियावर आली. ड्यूईची शाळा तिथे सुरू झाली त्याला त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती, हा निव्वळ योगायोग. एफबीआयचे दोन अधिकारी विद्यापीठाच्या गणित-विज्ञान ग्रंथालयात आले आणि परदेशी वाचक काय वाचतात, ह्याची काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडे चौकशी करू लागले. सोव्हिएत हेर तांत्रिक ग्रंथालयांतून माहिती गोळा करतात, असा त्यांचा संशय होता. प्रकरण वर गेलं, आणि पॉला कॉफमन ह्या तिथल्या वरिष्ठ ग्रंथपाल बाईंनी काही सांगायला नकार दिला. न्यूयॉर्क राज्याचा कायदाही त्यांच्याच बाजूचा होता. सप्टेंबरात बातमी वर्तमानपत्रात आली आणि गदारोळ उठला. पुढे जी कागदपत्रं बाहेर आली त्यांत दिसलं ते असं: ह्या मोहिमेवर टीका करणाऱ्या अडीचशेहून अधिक लोकांची नावं एफबीआयने आपल्या नोंदींत तपासून पाहिली होती. टीकेमागे सोव्हिएत हात असावा म्हणून!

आपल्या विद्यापीठांत आता तिकिटं गेली, बारकोड आणि आरएफआयडी आले. पुस्तकं चौकटीतून चोरून नेली की भोंगा वाजतो, परतीची आठवण मोबाइलवर येते. पुष्कळ ठिकाणी ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली मुक्त संगणकप्रणाली वापरतात. पुस्तक परत केल्यावर वाचकाचं नाव आणि पुस्तक ह्यांची गाठ ठेवायची का, हे ‘कोहा’मध्ये ठरवता येतं. नोंद कायम ठेवा, ग्रंथालयाने ठरवलेल्या मुदतीनंतर पुसा, किंवा परत करताच पुसा, असे तीन पर्याय त्यात वाचकापुढे ठेवता येतात. तिसरा पर्याय निवडला की संगणकही ब्राऊनबाईंसारखाच वागतो. पण हे पर्याय वाचकाला दाखवायचे की नाही, ते ग्रंथालयाच्या हातात आहे. मी काउंटरवर विचारलं तिथे समोरच्याने आधी माझ्याकडे, मग संगणकाकडे पाहिलं आणि ‘सर, सगळं रेकॉर्ड सेफ असतं, काळजी नको’ असं मला कौतुकाने सांगितलं. मी चाळलेल्या नियमावल्यांत कार्ड हरवल्याचा दंड आहे, पान फाडल्याचा आहे, मोबाइल वाजल्याचाही आहे. वाचकाची नोंद किती दिवस ठेवणार, ह्याचं कलम अजून एकीतही दिसलेलं नाही.