तापल्यावर बंद पडणारें इंजिन

थंड असतां उत्तम चालणारें आणि तापतांच बंद पडणारें इंजिन मोटार बाळगणाऱ्यांस फार छळतें. कारखान्यांत नेईपर्यंत तें निवतें, आणि कारागिरासमोर शहाण्या मुलाप्रमाणें वागूं लागतें! असा एक प्रसंग आम्हीं घोडबंदर रोडवर स्वतः पाहिला, तो वाचकांस सांगतों.

आमच्या एका मित्राच्या घरीं आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमच्या गेल्या, आणि हिलाहि भंगारांत घालावें असें घरांत बोललें जाऊं लागलें. माजिवड्याहून निघतांना तिची कांहींच कुरकुर नसे. पण कासारवडवली मागें टाकून गायमुखच्या चढावर वाहनांच्या रांगेंत रखडली, कीं आचके देऊन बंद पडे. मागें ट्रक, पुढें चढ आणि आंत वसईस माहेरीं निघालेली आजी! एका कारागिरानें कार्ब्युरेटर बदलला. पैसे गेले, दोष राहिला.

पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी, एवढ्यांवर हें इंजिन चालतें. पद्मिनींत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच कुशीस बसविलेला असतो. पेट्रोलांतील हलके भाग सुमारें ३५ ते ४० अंश सेंटिग्रेडलाच उकळूं लागतात. नळींत वाफ झाली कीं पंप ती वाफच दाबीत बसतो व पेट्रोल पुढें सरकत नाहीं. म्हणून मे महिन्यांत गाडी अडली तेव्हां कोणा जाणत्यानें पंपावर ओलें फडकें ठेवविलें. वीस मिनिटांनीं इंजिन सुरू झालें, आणि निदान झालें असें सर्वांस वाटलें.

फसगत झाली ती येथेंच. वीस मिनिटांत एकटा पंपच नव्हे, तर बॉनेटखालचें सारेंच निवलें होतें. गुण फडक्याचा कीं नुसत्या विश्रांतीचा, हें कसें ठरवावें?

पुढल्या खेपेस गाडी डावीकडे घेऊन चाकामागें दगड लावला. इंजिन बंदच ठेवून हवेच्या गाळणीचें झांकण काढलें व कार्ब्युरेटरचा दांडा हातानें ओढला. घशांत पेट्रोलची धार स्पष्ट दिसली. म्हणजे पेट्रोल येत होतें. झांकण लावून वास पूर्ण जाऊं दिला. मग जवळचा एक जास्तीचा प्लग तारेस जोडला, त्याचें अंग रबरी मुठीच्या पकडीनें इंजिनाच्या लोखंडास टेकविलें व स्टार्टर मारविला. ठिणगी नाहीं! इग्निशन कॉइल तर हात ठेववेना इतकी तापलेली. किल्ली बंद करून, तारांचीं टोकें कोरडीं राखून, ओलें फडकें या वेळीं फक्त कॉइलच्या अंगास गुंडाळलें. थोड्याच वेळानें ठिणगी पडली व इंजिन सुरू झालें. पंप मात्र अद्याप तसाच तापलेला होता.

कॉइलच्या जाड तारेंत १२ व्होल्टचा प्रवाह सोडून तोडतात. त्या प्रत्येक तुटण्याबरोबर बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. वेढ्यांवर लाखेसारखा पातळ लेप असतो. तो जुना होऊन तडकला, कीं तापून फुगलेली तार शेजारच्या वेढ्यास भिडते, किंवा तुटल्या जागीं तिचीं टोकें दुरावतात. निवल्यावर सर्व पूर्ववत् होतें. कंडेन्सरहि असाच दगा देतो. म्हणून आम्हीं तो जुनाच ठेवून एकटी कॉइल बदलविली. दोन्ही एकदम बदलतों, तर दोषी कोण तें कळलेंच नसतें.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. परंतु क्रँकशाफ्टची गति सांगणारा सेन्सर तापला कीं कधीं कधीं असाच मुका होतो. शिवाय त्यांत इंजिन थांबल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांत संपते व पेडल जड होतें, हें चढावर ध्यानांत असावें.

पद्मिनी त्यानंतर दोन उन्हाळे वसईस जाऊन आली. आजी मात्र गायमुख येतांच अजूनहि पुढच्या सीटची पाठ घट्ट धरते.