तीन वायरी जोडल्या आणि कोड बाहेर आला

मागच्या उन्हाळ्यात सोलापूर एमआयडीसीतले एक छोटे कारखानदार माझ्याकडे एक बोर्ड घेऊन आले. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर. "साहेब, हा आमचा माल नाही, पण चालतोय डिट्टो आमच्यासारखा." कोड दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. चालू करून बघितलं, तर एसएमएसमधली माझी स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी!

झालं असं, की मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरायला बोर्डावर एक डिबग पोर्ट असतो. आमच्या एसटीएम३२ चिपवर त्याला एसडब्ल्यूडी म्हणतात. डेटा, क्लॉक आणि ग्राउंड, बस्स तीन वायरी. ज्या वाटेनं कोड आत जातो, त्याच वाटेनं बाहेरही येतो. काही शे रुपयांचा प्रोग्रामर आणि लॅपटॉप पुरतो. तुमच्या फोनमधलं 'यूएसबी डिबगिंग' याच जातकुळीतलं, फक्त फोन आधी परवानगी विचारतो. ही चिप नवी येते तेव्हा लेव्हल ० वर असते, म्हणजे दार सताड उघडं. कुलूप मी लावायला हवं होतं. विसरलो.

लेव्हल १ लावली की डिबगरला फ्लॅश वाचता येत नाही, आणि कुणी परत ० वर आणायला गेलं तर चिप आधी सगळा कोड पुसून टाकते. एफ४ मालिकेत लेव्हल २ पण आहे, पण ती लावली की डिबग पोर्ट कायमचा बंद. घाईत लावलेला एक बोर्ड माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलाय.

नक्कल झाली याचं दुःख कमीच. खरी भीती वेगळी होती. सगळ्या स्टार्टरना मी एकच पासवर्ड दिला होता आणि तो कोडमध्येच होता. म्हणजे नक्कल करणारा रात्री दोन वाजता कुणाचीही मोटर चालू करू शकला असता. विहीर कोरडी असेल तर मोटर जळालीच म्हणून समजा.

कुलूपही अभेद्य नसतं. २०२१ मध्ये एका संशोधकानं ॲपलच्या एअरटॅगमधल्या चिपचा वीजपुरवठा नेमक्या क्षणी किंचित पाडून बंद डिबग पोर्ट उघडला आणि फर्मवेअर बाहेर काढलं. म्हणून आता प्रत्येक स्टार्टरला वेगळा पासवर्ड. एक फुटला तरी बाकीचे शाबूत.

जुने स्टार्टर मात्र मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याच्या शेतांत बसलेत. दर रविवारी लॅपटॉप घेऊन जातो, नवा कोड भरतो, लेव्हल १ लावतो. अजून बरेच बाकी आहेत.