अर्धे उड्डाण जमिनीवर

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला, दर ऑक्टोबरात उष्ण हवेच्या फुग्यांचा महोत्सव भरतो. 1972 साली एका मॉलच्या पार्किंगमधून 13 फुगे उडाले होते; आता शेकडो उडतात, आणि त्यांच्यासाठी पहाटेपासून राबणारी बरीच माणसे बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यांना नुसते मदतनीस म्हणणे मला अपुरे वाटते. फुग्याला सुकाणू नसते. वैमानिक त्याला फक्त वर-खाली नेऊ शकतो, दिशा वाराच ठरवतो. म्हणून गाडी घेऊन मागे धावणारी तुकडी उड्डाणाचाच भाग असते. फुगवतानाही पंख्याने हवा भरताना कोणी कापडाचे तोंड उघडे धरतो, कोणी शेंड्याचा दोर ताणून डोलारा आवरतो.

कोणी म्हणेल, इथे खालचा वारा दक्षिणेकडे आणि वरचा उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे फुगा निघाल्या जागीच परततो. मग पाठलाग कशाला? पण वाऱ्याचे हे गणित रोज जुळत नाही, आणि जुळले तरी फुगा रिकामा करून गुंडाळायला हात लागतातच. नवख्यांच्या हाती दोर देणे धोक्याचे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच एक गोष्ट आधीच बजावली जाते: फुगा उचलू लागला की दोर सोडायचा, पाय जमिनीवरून सुटू द्यायचे नाहीत.