भिंतीवरील दूरचित्रवाणी संचाची उंची : मीरा-भाईंदरमधील लहान घरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातील संच जड व मागील बाजूस खोल असल्याने तो टेबलावर किंवा लाकडी कपाटात ठेवावा लागे. साहजिकच त्याची उंची फर्निचरच ठरवीत असे. सपाट पडद्याचे संच आल्यावर हे बंधन संपले. २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदर शहरात वन रूम किचन व वन बीएचके प्रकारच्या लहान सदनिका मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा घरांत रिकामी भिंत आणि विजेचा पॉइंट पाहून संच टांगला जातो. पाहणाऱ्याचा डोळा मात्र हिशेबात घेतला जात नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

उंची आणि अंतर :
आरामात बसलेल्या व्यक्तीची नजर आडव्या रेषेच्या किंचित खाली स्थिरावते. पडदा बराच वर असल्यास मान मागे झुकते व तिच्यावर ताण येतो. वर पाहताना पापण्या अधिक उघड्या राहत असल्याने डोळेही लवकर कोरडे पडतात. वृद्ध व्यक्तींना हा त्रास विशेष जाणवतो.

येथे अंतराचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. पडद्याचा मध्यबिंदू डोळ्यांपेक्षा २४ इंच वर असेल, तर १२ फुटांवरून पाहताना नजर सुमारे ९ अंश उचलावी लागते. ६ फुटांवरून तीच सुमारे १८ अंश होते. म्हणजेच उंचीची तीच चूक लहान हॉलमध्ये जवळजवळ दुप्पट भोवते. पडदा खाली झुकवणारा ब्रॅकेट लावल्यास चित्र स्पष्ट दिसते, परंतु मान तितकीच वर करावी लागते.

बैठकीचा प्रश्न :
आपल्याकडे एकाच वेळी कोणी सोफ्यावर, तर कोणी सतरंजीवर बसते. सोफ्यावरील प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारणतः ४२ इंचांवर, तर मांडी घालून बसलेल्याचे सुमारे २९ इंचांवर असतात. पडद्याचा मध्य ३६ इंचांवर ठेवल्यास ७ फुटांवरून दोघांच्याही नजरेत केवळ ५ अंशांच्या आत फरक पडतो. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच असते. म्हणून त्याची खालची कड जमिनीपासून २५ ते २६ इंचांवर येईल. ब्रॅकेटची छिद्रे पडद्याच्या मध्यावर असतीलच असे नाही, हेही मोजून पाहावे.

निष्कर्ष :
भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी पडद्याच्या आकाराचा कागद चिकटवून घरातील प्रत्येकाने आपापल्या नेहमीच्या जागी बसून पाहावे. मतभेद झाल्यास सर्वाधिक वेळ संचासमोर बसणाऱ्या व्यक्तीच्या, बहुधा घरातील ज्येष्ठांच्या, डोळ्यांना प्राधान्य द्यावे. विजेचा पॉइंट थोड्या खर्चात खाली आणता येतो. मानेचे दुखणे मात्र रोजचे होऊन बसते.