बाटली-मसाला, फुगे आणि परसातील माड

मार्वेच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडली की पलीकडच्या काठावर मनोरी गाव लागते. मालाड रेल्वे स्थानक येथून फारसे दूर नाही. परंतु रस्त्याने यावयाचे तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा घ्यावा लागतो. बृहन्मुंबईच्या हद्दीत असूनही माड, विहीर, वाडी आणि अंगण या गोष्टी येथे पुष्कळ घरांतून टिकून राहिल्या, याचे श्रेय काही अंशी या खाडीला दिले पाहिजे. गावात कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती आहे. ईस्ट इंडियन हे उत्तर कोकणातील मूळचे मराठी भाषक. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ मध्ये, त्यांनी हे नाव धारण केले. त्यांच्या घरी स्वयंपाकघर आणि परसू यांचे नाते इतके निकटचे असते की एकीकडे झालेली चूक दुसरीकडे दिसून येते. अशा चुकांचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा पाण्यात सापडते. कधी हवेतील, कधी जमिनीतील.

या समाजाच्या स्वयंपाकाचा कणा म्हणजे बाटली-मसाला. तो एप्रिल-मे महिन्यांत करतात. लाल मिरच्या, धने, हळद, जिरे, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, दालचिनी, लवंग, दगडफूल, नागकेशर असे वीसाहून अधिक जिन्नस त्यात पडतात. काही घरी गहू व हरभऱ्याची डाळही घालतात, त्यामुळे रस्सा दाट होतो. प्रमाण घरोघर निराळे असते आणि ते शेजारणीस सहसा सांगितले जात नाही. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायका गावोगाव फिरत व लाकडी उखळात लांब मुसळांनी तो कुटून देत. आता बहुतेक काम डंकीवर होते. तयार मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांतून ठासून भरतात, आणि नावाचा उगमही त्यातच आहे.

रिकाम्या बाटल्यांचा हा केवळ काटकसरी उपयोग आहे, असे पाहणाऱ्यास वाटेल. प्रत्यक्षात त्यात शास्त्र आहे. मिरचीचा लाल रंग प्रकाश व हवेतील प्राणवायू यांच्यामुळे फिका पडत जातो. तपकिरी काच प्रकाशाचा बराचसा भाग अडविते. अरुंद तोंडातून मसाला दाबून भरला की आत हवेला जागा उरत नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजण्याची रीतही अशीच सकारण आहे. धन्याला जेवढी आच लागते तेवढ्यात खसखस करपून जाईल, आणि करपलेल्या चिमूटभर खसखशीचा कडवटपणा सबंध वर्षाच्या मसाल्यात उतरेल.

खरा धोका मात्र ओलाव्याचा आहे. मिरचीत ११ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा, असे आपल्या अन्नसुरक्षा मानकांत सांगितले आहे. घरी हे मोजण्याचे साधन नसते. मिरची हातात घेऊन हलविली असता आतील बी खुळखुळले पाहिजे व देठ कटकन मोडला पाहिजे, हीच जुनी परीक्षा. मिरच्या नीट वाळल्या नाहीत, भाजलेले जिन्नस गरम असतानाच कुटले, किंवा पावसाळ्यात बाटलीत ओला चमचा गेला, तर मसाल्याला गुठळ्या होतात व त्यांवर बुरशी धरते. अशा वेळी वरचा थर काढून उरलेला मसाला उन्हात टाकण्याचा मोह गृहिणीस होतो. वर्षभराची मेहनत आणि खर्च फेकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु अस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते यकृतास घातक असून नेहमीच्या शिजविण्याने वा तळण्याने पुरते नष्ट होत नाही. बुरशीचे धागे दिसले नाहीत तरी विष उरलेले असू शकते. अशी बाटली टाकून देणेच इष्ट होय. म्हणूनच हा मसाला एका मोठ्या बरणीऐवजी अनेक लहान बाटल्यांतून ठेवण्यात शहाणपण आहे, कारण एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात. अंगणात वाढीव खोल्या उठलेल्या घरांना मिरच्या वाळविण्यासाठी दुसऱ्याची गच्ची शोधावी लागते. मसाल्याच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

पावसाळ्यात चिंता परसाकडे वळते. केरकचरा व शेण साठविलेला उकिरडा माडाच्या बुंध्याशीच असला, तर त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या त्या खतावरच वाढतात. माडाला त्यांचा उपद्रव नसतो. उपद्रव असतो तो पंख फुटलेल्या भुंग्याचा. तो माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो, आणि पुढे उमललेली झावळी कात्रीने पंखा कापावा तशी दिसते. तोवर महिने लोटलेले असतात. खत दर काही आठवड्यांनी वरखाली करून अळ्या वेचणे हा सोपा उपाय. परसात कोंबड्या असतील तर वेचण्याचे काम त्या आनंदाने करतात. मेटाऱ्हायझियम ही हिरवी बुरशी खतात मिसळल्यासही अळ्या मरतात. मसाल्याची वैरीण असलेली बुरशी, तिच्याच दूरच्या कुळातील एक माडाची राखण करते, ही मौजेची गोष्ट आहे.

नाताळात व लग्नसराईत घरोघरी फुगे तळले जातात. मैदा, अंडी व नारळाचे दूध यांचे सैल पीठ आंबवून ते मुठीतून पिळीत गरम तेलात सोडतात. पूर्वी आंबवण्यासाठी ताडी घालीत. ताज्या ताडीत निसर्गतःच किण्व असते. थंडीत किण्वाची वाढ मंदावते. घाईने तळलेले फुगे मग फुगत नाहीत, तेल पितात, आणि पाहुण्यांसमोर यजमानीण ओशाळते. पीठ दुपटीने वर येईपर्यंत चुलीजवळ उबेत ठेवणे, एवढाच यावर तोडगा आहे.

वाडीतील भाजी मात्र विहिरीवर अवलंबून असते. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड आहे. या फरकामुळे, हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा थर असतो. हिशेब उलटही लागू पडतो: उपशाने पातळी कायमची १ फूट उतरली, तर खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकते. रहाटाने वा बादलीने जेवढे पाणी निघे तेवढे विहीर सोशीत असे. विजेचा पंप तासाभरात त्याच्या कितीतरी पट पाणी उपसतो. वैशाखात पाणी मचूळ लागू लागले की वाल, मुळा व कांदा यांची पाने कडेने करपतात. माड बराच काळ तग धरतो. अशा वेळी पंप थोडा थोडा वेळच चालवावा, भाजीच्या वाफ्यांना माती झाकेल असे पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, आणि पावसाळ्यात कौलांवरचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. मनोरीत विहिरींचे पाणी असे चाखून पाहिले जाते त्याच दिवसांत अंगणात मिरच्या पसरलेल्या असतात, आणि आभाळात ढग दिसला की त्या गोळा करण्यासाठी घरातील सर्वांची धावपळ उडते.