साच्यांच्या जगात : विक्री गाड्यांची, काम मॉडेलचे

डाय आणि मोल्ड, म्हणजे साचे बनवणाऱ्या टूल रूमला काम मिळते ते नव्या मॉडेलमुळे. एखाद्या भागाची डाय एकदा बनली की तिच्यावर दहा हजार नग निघोत की तीन लाख, डाय बनवणाऱ्याचे बिल तेवढेच राहते. 2023-24 मध्ये देशात सुमारे 42 लाख प्रवासी वाहने विकली गेली, 2024-25 मध्ये सुमारे 43 लाख. दोन्ही वर्षे त्या त्या वेळी उच्चांकी ठरली. पण पुण्याजवळच्या भोसरीच्या किंवा चाकणच्या टूल रूममधले व्हीएमसी मशीन दिवसाचे किती तास चालते, ते या आकड्यांवरून कळत नाही. गाडी शोरूममध्ये येण्याच्या दीड-दोन वर्षे आधी डायची ऑर्डर निघते. गाडीची जाहिरात झळकते तेव्हा टूल रूमचे त्या गाडीवरचे काम संपलेले असते.

बीएस-6 या प्रदूषण मानकाचा काळ याचे चांगले उदाहरण आहे. बीएस-5 चा टप्पा वगळून थेट बीएस-6 लागू करण्याचा निर्णय जानेवारी 2016 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2020 ही मुदत ठरली. इंजिनाचे आणि एक्झॉस्टचे अनेक भाग बदलणार होते, म्हणून त्यांच्या डाय आणि फिक्स्चर मुदतीच्या बऱ्याच आधी लागल्या. ही कामाची लाट मुदत गाठण्यापूर्वीच ओसरणार हे तिच्या स्वभावातच होते. कोविडची टाळेबंदी नेमकी त्या ओहोटीवर येऊन पडली.

नवे मॉडेल म्हणजे दर वेळी नव्या डाय, असेही नसते. फेसलिफ्टमध्ये बंपर, ग्रिल, दिवे बदलतात. दरवाजे, छप्पर आणि आतला सांगाडा तसाच राहतो. 2019 मध्ये मारुतीची बलेनो टोयोटाच्या चिन्हासह ग्लान्झा म्हणून आली, पत्र्याच्या डाय त्याच होत्या. 2022 च्या ग्लान्झाला पुढचा बंपर आणि ग्रिल वेगळी मिळाली, तेव्हा नवे काम आले ते मोल्डवाल्यांकडे. एका प्लॅटफॉर्मवर चार गाड्या काढण्याचे धोरण कंपनीचा खर्च वाचवते, आणि त्या बचतीतला मोठा वाटा न बनलेल्या डायचा असतो.

नगांच्या संख्येबरोबर ज्यांचे काम खरोखर वाढते असे दोन अपवाद आहेत. फोर्जिंगची डाय लालबुंद पोलादावरचे घाव सोसते. काही हजार नगांनंतर तिची पोकळी झिजते आणि वरचा थर उतरवून ती पुन्हा खोदावी लागते. ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय-कास्टिंगमध्ये वितळलेला धातू आणि पाण्याचा फवारा आलटून पालटून बसत असल्याने डायच्या पृष्ठभागावर बारीक चिरांचे जाळे पडते. साधारण लाखभर शॉटनंतर नवी डाय किंवा निदान नवे इन्सर्ट लागतात. पुण्यातल्या मुंढव्यासारख्या फोर्जिंगच्या ठिकाणी डायचे काम सतत चालू राहते, ते यामुळेच. प्रेस टूल आणि प्लास्टिक मोल्ड मात्र नीट सांभाळले तर लाखो नग देतात.

 एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे: हातात भरपूर ऑर्डर असलेली टूल रूमसुद्धा बंद का पडते?

उत्तर पैसे मिळण्याच्या वेळापत्रकात आहे. ऑर्डरबरोबर काही टक्के आगाऊ रक्कम येते, पहिल्या ट्रायलनंतर, म्हणजे टी-वन झाल्यावर, आणखी काही, आणि उरलेली पीपीएपी, म्हणजे ग्राहकाची भाग उत्पादनाला घेण्याची तपासणी, मंजूर झाल्यावर. या शेवटच्या टप्प्यातच टूल रूमचा नफा असतो. पीपीएपीची मंजुरी मात्र एकट्या डायवर अवलंबून नसते. योग्य दर्जाचा पत्रा आलेला हवा, गेज तयार हवे, शेजारचा भाग वेळेत हवा आणि मूळ गाडीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चाललेला हवा. यातले काहीही लांबले की निर्दोष डाय रॅकवर पडून राहते आणि तिचे पैसेही. दरम्यान पोलादाच्या व्यापाऱ्याची मुदत भरते, वायरकटच्या जॉब वर्कवाल्याचे बिल येते आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. मधेच ग्राहकाने डिझाइन बदलले तर जादा कामाचा दर ठरायला आणखी काही आठवडे जातात. अशा वेळी नवी ऑर्डर घेणे म्हणजे तिच्या आगाऊ रकमेतून जुन्या कामाची देणी भागवणे, आणि ऑर्डर जितक्या जास्त तितके अडकलेले भांडवल मोठे. पुणे परिसरातल्या धंद्याचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. चिनी स्पर्धेची चर्चा त्याहून फार जास्त होते.

कायद्याचा आधार आहे, पण डाय त्यात नीट बसत नाही. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. ग्राहकाने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती दूर झाल्याचा दिवस धरला जातो, आणि टी-वननंतर दुरुस्त्यांची यादी तर लेखीच येते. आयकर कायद्यात 2023 मध्ये घातलेले 43बी (एच) हे कलम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. मुदतीत पैसे न दिल्यास त्या वर्षी ग्राहकाला तो खर्च वजा करता येत नाही. सुट्या भागांच्या पुरवठादारांना त्याचा उपयोग होतो. डाय मात्र बहुतेकदा ग्राहकाच्या पुस्तकात भांडवली मालमत्ता म्हणून जाते. जो खर्च वजावटीला मांडलाच नाही, तो नाकारण्याची भीती कुठून येणार?

याउलट अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 2002 मध्ये खास टूलवाल्यांसाठी धारणाधिकाराचा कायदा केला. टूलवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता कायमचा कोरायचा, सरकारदरबारी नोंद करायची, मग टूल ग्राहकाच्या प्रेसवर गेले तरी पैसे मिळेपर्यंत त्यावरचा हक्क टिकतो. भारतात 1930 च्या मालविक्री कायद्याने विक्रेत्याला दिलेला धारणाधिकार ताबा असेपर्यंतच चालतो. ट्रायल ग्राहकाच्या प्रेसवर घ्यायची असेल तर डाय गेटबाहेर पाठवावीच लागते, आणि गेट ओलांडले की हातातले एकमेव तारण जाते. मिशिगनसारखी तरतूद इथे व्हायला हवी.

ज्या चिनी स्पर्धेची एवढी चर्चा होते, तिची खरी ताकद विशेषीकरणात आहे. झेजियांग प्रांतातल्या ह्वांगयेन भागात मोल्डचे कारखाने दाटीने आहेत आणि कित्येक जण वर्षानुवर्षे बंपरसारख्या मोजक्याच भागांचे मोल्ड करतात. इथली लहान टूल रूम या महिन्यात प्रेस टूल आणि पुढच्या महिन्यात मोल्ड घेते, त्यामुळे प्रत्येक काम काहीसे पहिल्यासारखेच पडते. डायचे कौशल्य किती मोलाचे ते चिनी वाहन कंपनी बीवायडीने ओळखले होते: जपानच्या नामांकित ओगिहारा कंपनीचा ततेबायाशी येथील डाय कारखाना तिने 2010 मध्ये विकत घेतला.

पुढचा काळ सर्वांना सारखा जाणार नाही. इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट नसतात; त्यांच्या डायवाल्यांना मोटरचे हाउसिंग, बॅटरीचा ट्रे, कनेक्टरचे बारीक मोल्ड शोधावे लागतील. टेस्लाने 2020 पासून मॉडेल वायच्या मागच्या सांगाड्यातले सुमारे 70 भाग मोठ्या कास्टिंगमध्ये एकत्र केले. पत्र्याच्या एका भागाला ड्रॉ, ट्रिम, पिअर्स, फ्लँज अशा तीन-चार डाय लागतात हे धरले तर किती काम नाहीसे होते ते दिसते. जी एक प्रचंड डाय त्यांची जागा घेते, ती उचलेल अशी क्रेनही बहुतेक टूल रूमकडे नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकरावरून 18 टक्क्यांवर आला. त्यामुळे विक्री वाढली तरी टूल रूमला आधी मिळते ते डागडुजीचे, सुट्या पंच-इन्सर्टचे आणि क्षमता कमी पडेल तिथे दुसऱ्या मोल्डचे काम. नव्या मॉडेलचा निर्णय कंपनी वाढीव विक्री टिकते असे दिसल्यावर घेते आणि डायची चौकशी त्यानंतर निघते.